पृथ्वी वाचवायची, तीही थर्माकोलवर?

पुरे झालं आता! दरवर्षी तेच. ‘पृथ्वी वाचवा’ असा प्रकल्प, आणि तो करायचा कशावर? थर्माकोलच्या शीटवर! वर चकाकता जिलेटिन कागद, प्लॅस्टिकची झाडं, दुकानातून आणलेलं तयार हिरवं लॉन. कटर फिरला की पांढरे दाणे घरभर उडतात, झाडूला चिकटतात, सुपलीत येता येत नाहीत. मार्क मिळाले की आठवड्याभरात अख्खा प्रकल्प कचऱ्यात. अहो, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे! हे शाळेला सांगायचं कोणी? पोरांनी?

पर्यावरण शिकवा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच दिला. पुस्तक आलं, वही आली, वहीला प्लॅस्टिकचं कव्हरही आलं! जून उजाडला की सगळ्या वह्या नव्याच हव्यात. गेल्या वर्षीची कोरी पानं काढून दाभणाने शिवून दिली, तर बाई सगळ्या वर्गासमोर विचारतात, “नवी नाही का घेतली?” काय शिकलं ते पोर त्या दिवशी?

आणि ते वाढदिवसाचं रिटर्न गिफ्ट! दोन दिवसांत मोडणारं खेळणं, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरचा लाडू का नाही वाटत? म्हणे, “बरं दिसत नाही.” कोणाला? मुलं तर दुसरा लाडू मागून खातात!

आमच्याकडून यंदा प्रकल्पाला माती, काड्या आणि जुनी पुठ्ठ्याची खोकी येणार. मार्क द्यायचे तर द्या, नाहीतर नका देऊ.