चौथे ते चौथेच

शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या परसात जे घडले, ते मंगळवार उजाडला तरी माझ्या डोक्यातून गेलेले नाही. टेक्सासचा कंट्री (म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताचा) गायक जॉर्ज स्ट्रेट याच्या पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यांपैकी सर्वोत्तम पाच कोणती, असा विषय निघाला होता. ह्यूस्टनच्या आमच्या भागात ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा मोठा तुकडा, धुरावर चढले आणि दहा माणसे खुर्च्या ओढून बसली की हा विषय निघतोच, आणि तो निघाला की मी सावरून बसते, कारण गेली बावीस वर्षे हा माणूस माझ्या गाडीत रोज जाता-येता गातो आहे. पहिल्याच गृहस्थांनी पहिलेच नाव घेतले ते ‘ॲमरिलो बाय मॉर्निंग’चे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले की गाणे थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण विषय पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा आहे आणि हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या साप्ताहिक कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर कधी गेलेच नाही. १९८३ साली ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढले आणि तिथूनच खाली आले.

यावर ते हसले. चूक लक्षात आल्यावर माणूस ओशाळून हसतो, तसे ते हसणे नव्हते. मोठ्यांच्या बोलण्यात लहान मूल मध्येच काही बोलले की मोठी माणसे जशी हसतात, तसे ते हसणे होते. मग एकाने खिशातून फोन काढला आणि ‘सर्वोत्तम नंबर वन गाणी’ अशा मथळ्याची कुठलीशी यादी सर्वांसमोर धरली, जिच्यात ‘ॲमरिलो’ सर्वांत वर होते. ती यादी कोणी केली, कशावरून केली, करणाऱ्याने मूळ क्रमवारी उघडून तरी पाहिली होती का, हे एकानेही विचारले नाही. फोनवर आहे म्हणजे ते खरेच असणार. मी म्हटले, १९८३ सालच्या मूळ याद्या काढून बघा, दोन मिनिटांचे काम आहे. तेव्हा त्या गृहस्थांनी अतिशय मायाळू आवाजात मला सांगितले की, तू या गाण्यांबरोबर लहानाची मोठी झालेली नाहीस, त्यामुळे तुला ते कळणे अवघड आहे.

चौथा क्रमांक हा चौथा आहे हे कळायला टेक्सासमध्ये जन्म कशाला घ्यावा लागतो? मिरजेतही चार म्हणजे चारच असतात. आमच्या घरी वडील दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लावून बसत आणि बिनाका गीतमालेतील प्रत्येक गाण्याचे पायदान वहीत उतरवून घेत. अमीन सायानींनी एखादे लाडके गाणे तिसऱ्या पायदानावर सांगितले की वडील हळहळत, पुढचे दोन दिवस ती सल बोलून दाखवत, पण वहीत तीन हाच आकडा लिहीत. आपल्याला आवडते म्हणून आकडा खोडून वरचे पायदान लिहावे, असे त्यांच्या मनातही कधी आले नसते. त्या वहीवर वाढलेल्या मुलीला ‘तुला कळणे अवघड आहे’ असे म्हणणाऱ्याने निदान क्रमांक म्हणजे काय, याचा आधी विचार करायला हवा होता.

याहून जास्त लागले ते घरच्या माणसाचे वागणे. माझे यजमान तिथेच बसले होते. त्यांनी मला कोपराने ढोसले आणि हळूच म्हणाले, “अगं, पाहुणे म्हणून आलोय आपण, सोड ना.” गावसकरांची कसोटी शतके ३४ की ३५ यावरून ज्या माणसाने एका लग्नाच्या पंगतीत समोरच्याला श्रीखंड खाऊ दिले नव्हते, त्या माणसाने मला हे सांगावे? क्रिकेटचा आकडा पवित्र आणि गाण्याचा आकडा मात्र गप्पांचा, हा भेद कोणी ठरवला? गाडीत बसल्यावर मी त्यांना हाच प्रश्न विचारला. घर येईपर्यंत उत्तर मिळाले नाही.

आणि यात अन्याय खुद्द ‘ॲमरिलो’वरही होतो, हे या मंडळींना दिसतच नाही. रोडिओत घोड्यावर बसणारा एक माणूस सॅन अँटोनिओहून रात्रभराचा प्रवास करून सकाळी ॲमरिलोला पोहोचणार आहे. ह्यूस्टनमध्ये त्याचे खोगीर गेले, सांता फेमध्ये पाय मोडला, बायको वाटेत कुठेतरी सुटली, खिशात दमडी नाही आणि तरीही त्याची कुणाकडे तक्रार नाही. त्या गाण्याच्या सुरुवातीचे फिडल ऐकू आले की ऐंशी हजारांचे स्टेडियम जागच्या जागी उठून उभे राहते. हे सारे त्याने चौथ्या क्रमांकावरून मिळवले आहे. टेरी स्टॅफर्ड आणि पॉल फ्रेझर यांनी लिहिलेले, स्टॅफर्डने आधीच गाऊन झालेले, यादीत कधीही अव्वल न ठरलेले एक गाणे चाळीस वर्षांनंतर गायकाची ओळख होऊन बसते, ही त्या गाण्याची खरी कीर्ती आहे. त्याच्या डोक्यावर खोटा मुकुट ठेवला की ही कीर्तीच पुसली जाते. ते ज्या ‘स्ट्रेट फ्रॉम द हार्ट’ या संग्रहात आहे, त्याच संग्रहातील ‘फूल हार्टेड मेमरी’ १९८२ साली खरोखर पहिले आले होते आणि ते स्ट्रेटचे पहिलेवहिले पहिल्या क्रमांकाचे गाणे होते. त्याच संग्रहातील ‘अ फायर आय कान्ट पुट आउट’ही १९८३ साली पहिले आले. शनिवारी त्या दहा जणांपैकी एकानेही या दोन गाण्यांची नावे घेतली नाहीत. ज्यांनी शर्यत जिंकली त्यांची नावे ठाऊक नाहीत आणि जे चौथे आले त्याला सुवर्णपदक द्यायचे, याला चाहतेपण कसे म्हणायचे?

स्ट्रेटच्याच ‘ट्रुबॅडूर’ या गाण्याचेही तेच झाले. ते सातव्या क्रमांकापर्यंत गेले होते. ‘रन’ दुसरे आले होते. दोन्ही गाणी फोनवरच्या त्या यादीत ऐटीत बसली होती आणि मी बोलायला तोंड उघडले, तेव्हा यजमानांचे कोपर पुन्हा माझ्या बरगडीत होते.

मात्र माझा संयम खरा सुटला तो त्यानंतर. ज्यांच्या घरी बसलो होतो त्यांनी तोडगा काढला की प्रत्येक गाणे थोडे थोडे वाजवू आणि हात वर करून मते घेऊ. थोडे थोडे म्हणजे वीस-पंचवीस सेकंद. मी ‘द चेअर’ सुचवले होते. १९८५ साली ते पहिले आले, यात कोणाला शंका घ्यायला जागा नव्हती. हँक कॉक्रन आणि डीन डिलन यांनी लिहिलेल्या या गाण्यात एकाच माणसाचे बोलणे आहे. एक पुरुष बारमध्ये एका स्त्रीला म्हणतो की तुम्ही बसला आहात ती खुर्ची माझी आहे, मग लगेच म्हणतो की राहू द्या, बसा, आणि तिथून बोलणे वाढत जाते. तिची उत्तरे आपल्याला ऐकू येत नाहीत, ती त्याच्या बोलण्यावरून ओळखायची असतात. पुन्हा पुन्हा येणारे धृपद या गाण्याला नाही. संभाषण जसे पुढे जाते तसे ते पुढे जाते. आणि अगदी शेवटी, सर्व काही जुळून आल्यावर, तो कबूल करतो की ती खुर्ची त्याची नव्हतीच. त्या एका कबुलीवर सगळे गाणे उभे आहे. शेवट ऐकल्याशिवाय ‘द चेअर’ ऐकले असे म्हणताच येत नाही.

यांनी ते पंचवीस सेकंदांनी बंद केले. दोन हात वर झाले, त्यांपैकी एक माझा होता, आणि लगेच पुढचे गाणे लागले. मी म्हणाले, पूर्ण वाजवा, जेमतेम तीन मिनिटांचे आहे. तर एक बाई म्हणाल्या की याला पकडच नाही, सुरुवातीला काही घडतच नाही. अहो, घडणार कसे? तुम्ही घडू दिले तर घडेल. कीर्तनाला जाऊन नमन ऐकायचे, उठून यायचे आणि मग आख्यान रंगले नाही असे लोकांना सांगायचे, यातलाच हा प्रकार झाला. त्या मतदानात पहिले कोण आले, हे मी लिहीत नाही. वाचणाऱ्याने ओळखले असेल.

डीन डिलन हे नाव तर त्या संध्याकाळी माझ्याशिवाय कोणाच्या तोंडून आलेच नाही. ‘नोबडी इन हिज राइट माइंड वुडव्ह लेफ्ट हर’ त्याचे, ‘ओशन फ्रंट प्रॉपर्टी’ लिहिणाऱ्या तिघांत तो, ‘द बेस्ट डे’ लिहिणाऱ्या दोघांत तो. स्ट्रेट स्वतः फार थोडी गाणी लिहितो आणि त्याने ते कधी लपवलेले नाही. कोणाचे गाणे निवडावे याची त्याची पारख विलक्षण आहे, आणि त्या पारखीचे कौतुक करायचे तर ज्यांनी गाणी लिहिली त्यांची नावे घ्यावीच लागतात. आपल्याकडे ‘लताबाईंचे गाणे’ म्हणून थांबणारी आणि संगीतकार, कवी विचारला की खांदे उडवणारी माणसे मला पूर्वीपासून सहन होत नाहीत. इथे येऊन त्यांचीच टेक्सासमधली भावंडे भेटली.

मग आकड्यांचा घोळ. एक म्हणतो स्ट्रेटची पहिल्या क्रमांकाची गाणी ६०, दुसरा म्हणतो ४४, आणि दोघे एकमेकांना खोटे ठरवत अर्धा तास घालवतात. दोन्ही आकडे खरे आहेत. ४४ बिलबोर्डच्या यादीतील आणि ६० त्या काळातील सर्व व्यावसायिक याद्या मिळून. आधीचा कंट्री गायक कॉनवे ट्विटी याचा ४० चा उच्चांक २००६ साली स्ट्रेटच्या ‘गिव्ह इट अवे’ने मोडला, तो बिलबोर्डच्या हिशेबाने. ट्विटीचे ४० बिलबोर्डचे घ्यायचे आणि स्ट्रेटचे ६० सगळ्या याद्यांचे घ्यायचे, मग वीसचा फरक दाखवून टाळ्या वाजवायच्या, ही सरळसरळ लबाडी आहे. स्ट्रेटला असल्या उसन्या मोठेपणाची गरज नाही. ज्यांना मर्ल हॅगर्ड या आणखी एका कंट्री गायकाची पहिल्या क्रमांकाची ३८ गाणी कशी मोजली हे विचारावेसेही वाटत नाही, त्यांनी विक्रमांवर बोलूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातच एका तरुणाने मोठा शोध लावल्यासारखे सांगितले की स्ट्रेटची ऐंशीच्या दशकातली गाणी वर फक्त एकेक आठवडा टिकली, म्हणजे ती तितकीशी गाजलेली नव्हती. त्याने पुराव्यादाखल २०१७ साली ३४ आठवडे वर बसलेल्या एका गाण्याचे नाव घेतले. आता याला काय म्हणावे? १९९० च्या जानेवारीपर्यंत ती यादी रेडिओ केंद्रे स्वतः काय कळवतात त्यावर बनत असे, आणि दर आठवड्याला नवे गाणे वर येणे हा त्या काळचा रिवाजच होता. गाणे प्रत्यक्ष किती वेळा वाजले हे यंत्राने मोजायला लागल्यावर, त्याच वर्षी, स्ट्रेटचे ‘लव्ह विदाउट एंड, आमेन’ सलग पाच आठवडे पहिले राहिले. पुढे २०१२ च्या ऑक्टोबरात मुख्य यादीत ऑनलाइन ऐकणे, विक्री आणि कंट्री नसलेल्या केंद्रांवरचे वाजणेही धरू लागले, आणि तिथून एकेक गाणे महिनोन्‌महिने हलेनासे झाले. माप बदलले. शेराने मोजलेले आणि किलोने मोजलेले धान्य शेजारी ठेवून कोणाचा आकडा मोठा, असे विचारणाऱ्याला किराणा दुकानातून सुद्धा बाहेर काढतील.

हे सगळे मी २०२४ च्या जूनमध्ये कॉलेज स्टेशन या टेक्सासमधल्या शहरात स्ट्रेटच्या कार्यक्रमातही सोसले आहे. तिथल्या काइल फील्ड स्टेडियमवर त्या रात्री १,१०,९०५ माणसे होती, अमेरिकेत तिकीट काढून एका गायकाच्या एका कार्यक्रमाला इतकी माणसे त्याआधी कधी जमली नव्हती. मी किती महिने पैसे बाजूला टाकून ते तिकीट घेतले होते. बहात्तर वर्षांचा माणूस समोर उभा राहून, काही हातवारे न करता, नुसते गातो आहे, आणि माझ्या मागच्या रांगेतले चौघे प्रत्येक गाण्याला “हे साठांतले कितवे?” म्हणून ओरडून वाद घालत आहेत. मी दोनदा मागे वळून पाहिले. तिसऱ्यांदा हात जोडले. त्यांनीही हसून हात जोडले आणि पुन्हा सुरू झाले. त्यांच्या यादीतही पहिले ‘ॲमरिलो’च होते, हे वेगळे सांगायला नको.

काल शेजाऱ्यांचा निरोप आला की येत्या शनिवारी पुन्हा बसायचे आहे आणि राहिलेली गाणी ठरवायची आहेत. यजमानांचे मत आहे की मी घरीच थांबावे. मी जाणार आहे. १९८२ पासूनची बिलबोर्डची ती चव्वेचाळीस नावे मी रविवारी बसून तारखांसह वहीत उतरवली आहेत आणि ती वही बरोबर नेणार आहे. शेजाऱ्यांना मी एवढेच कळवले की सुरुवातीला ‘द चेअर’ शेवटपर्यंत वाजवायचे, आणि तो खुर्चीबद्दलची कबुली देईपर्यंत कोणी बोलायचे नाही. त्यांनी निरोप वाचला आहे. उत्तर अजून आलेले नाही.