पिशवीचा निर्णय तिच्याशी बोलून घ्या

गेल्या वर्षी आईला घेऊन मी एका खासगी दवाखान्यात गेले होते. तिचे वय तेव्हा 47. पाळीत अंगावरून फार जात होते, हिमोग्लोबिन 8 वर आले होते आणि सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या होत्या. खोलीचे दार उघडेच होते. पुढच्या दोन पेशंट आत येऊन बाकावर बसल्या होत्या, त्यांतल्या एकीचा नवराही सोबत होता. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि आईकडे न बघता मला सांगितले, "पिशवी खराब झालीय, काढून टाकू. नाहीतर पुढे कॅन्सरची भीती." आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून बसली होती. पाच मिनिटांत खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद घेऊन आम्ही बाहेर आलो.

गर्भाशयाला पिशवी म्हणण्यात काहीच गैर नाही. बाईला कळेल तोच शब्द डॉक्टरांनी वापरायला हवा. पण "खराब झाली" एवढ्यावर बोलणे संपले, की मुले झाल्यावर निरुपयोगी उरलेली वस्तू काढून टाकायची आहे, असेच तिला वाटते. गाठ साधी आहे का, औषधांनी रक्तस्राव आटोक्यात येईल का, हे तिला कोणी सांगत नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोषही (ओव्हरी) काढणार का, हा तर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, कारण पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही बीजकोष काढले तर शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) एकदम घटते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात.

हे न बोलण्याची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड करणाऱ्या 82,309 महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे गरिबी होती, खाडा झाला तर मुकादमाकडून होणारा दंड होता, उसाच्या फडात पाळीच्या दिवसांत होणारे हाल होते. पण कॅन्सरची भीती घालणारे ते एक वाक्यही होते, असे अनेक जणींनी सांगितले आहे.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही कोणाची, हा प्रश्न 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकालात काढला. दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोष काढले गेले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईसुद्धा संमती देऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. तरीही "मिस्टरांना बोलवा, सही लागेल" हे वाक्य मी त्यानंतरही कितीदा तरी ऐकले आहे.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी दार लावून घेतले आणि मला दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले. क्षणभर मला ते लागले, हे कबूल करते. पण त्या दहा मिनिटांत आईने मला कधीही न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली, आणि ती काय होती हे मी आजवर विचारलेले नाही. मला आत बोलावल्यावर त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे गर्भाशयाचे चित्र काढून गाठी कुठे आहेत ते दाखवले, अशा गाठींचा कॅन्सर क्वचितच होतो आणि पाळी गेल्यावर त्या बहुधा आक्रसतात, हे सांगितले. मग आईला म्हणाल्या, "आता मी काय सांगितलं, ते तुम्ही तुमच्या शब्दांत मला सांगा बरं."

सरकारी ओपीडीत दिवसाला शंभर पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरांना इतका वेळ मिळत नाही, हे मला मान्य आहे, आणि तिथे डॉक्टर वाढवणे हे सरकारचे काम आहे. मात्र दार लावणे, बाईकडे बघून बोलणे आणि तिचे तिलाच विचारणे, यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

आईने त्या दिवशी अडखळत सगळे सांगितले, एक ठिकाणी चुकली, डॉक्टरांनी ते दुरुस्त केले. मग तिने चित्रावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे आत्ताच काढायची घाई नाही ना?" आपल्या दुखण्याविषयी तिने डॉक्टरांना विचारलेला तो पहिला प्रश्न होता.