वाढीव गुणांपुरतं कथक

रविवारी सकाळी पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. भाची कथकची परीक्षा पास झाली, आता दहावीला वाढीव गुण मिळतील. मी अभिनंदन करेपर्यंत ती म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे. अकरावीला क्लास बंद." सात वर्षं ती पोरगी नाचली होती. फोन ठेवल्यावरही मनातून ते 'सुटलो' जाईना.

महाराष्ट्रात शास्त्रीय नृत्य, गायन, वादन शिकणाऱ्या मुलांना दहावीच्या निकालात जादा गुण मिळतात. ते असावेत की नसावेत यावर आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे, हे गुण बंद व्हावेत. आणि हे म्हणताना मला कथक नर्तकी आणि गुरू रोहिणी भाटे, म्हणजे बेबीताई, आठवतात.

बेबीताईंचा जन्म 1924चा. त्या आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम शिकल्या. 1946मध्ये फर्ग्युसनमधून पदवी घेतली आणि त्याच सुमारास जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे कथक सुरू केलं. म्हणजे आपली मुलं ज्या वयात घुंगरू माळ्यावर टाकून पाच-सहा वर्षं झालेली असतात, त्या वयात त्यांनी तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, धरला. पुढच्याच वर्षी पुण्यात 'नृत्यभारती' काढली. मध्यमवर्गीय घरातली मुलगी नाचते म्हटल्यावर भुवया उंचावणारा तो काळ. शिकवू लागल्या म्हणून शिकणं थांबलं नाही. लच्छू महाराजांकडे बारा वर्षांहून जास्त, मोहनराव कल्याणपूरकरांकडे पंधरा वर्षं. गाण्यासाठी केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1979 साली मिळाला, पण त्यानंतरही लेखन, नव्या रचना, विद्यापीठातलं अध्यापन चालूच होतं. 2008मध्ये त्या गेल्या. या सगळ्यात 'सुटलो' म्हणायची जागा मला कुठेच सापडत नाही.

बहीण म्हणते, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातं? गुण आहेत म्हणून तर दहावीच्या वर्षीही क्लास चालू राहतो. नाहीतर नववीतच बंद." तिचं म्हणणं खरं आहे. छोट्या गावातल्या मुलीला घरून परवानगी मिळायला हे गुण कामी येतात, आणि ते गेले तर तिचं नुकसान होईल हे मला दिसतं. तरीही शिकण्याची अखेरची तारीख सरकारी निकालाने ठरावी, हे मला मान्य नाही. त्यापेक्षा त्या मुलीच्या शाळेत नृत्याचा शिक्षक नेमा, त्याला पूर्ण पगार द्या.

इथे न्यू जर्सीत दहावीचे गुण नाहीत, पण कॉलेजचा अर्ज आहे. तो भरायच्या आत मंचप्रवेश, म्हणजे मुलीचा पहिला मोठा एकटीचा कार्यक्रम, उरकायचा असतो. हॉल, साथीदार, दागिने, दोनशे माणसांचं जेवण, लग्नासारखा खर्च. पुढच्या सप्टेंबरात मुलगी हॉस्टेलवर जाते आणि घुंगरू कपाटात राहतात. तेव्हा बहिणीपेक्षा आम्ही शहाणे आहोत असं मी अजिबात म्हणणार नाही.

इथली अडचण मात्र वेगळीही आहे. माझी लेक शनिवारी बाईंच्या घरी, बेसमेंटमध्ये शिकते. नाचाचे बोल तोंडाने म्हणायची पढंत चोख, हाताने ताल देत तोडा म्हणते, समेवर बरोबर येते. पण पनघटाची गत, म्हणजे पाणी भरायला जाणारी बाई नाचून दाखवायची, ती आली आणि अडली. डोक्यावरची घागर दाखवताना मान मोकळीच राहायची. बाईंनी चारदा सांगितलं. शेवटी घरी येऊन तिने विचारलं, "आई, भरलेली घागर किती जड असते?"

मला सांगता आलं नाही. आईने सांगलीहून दिलेली तांब्याची कळशी काढली, सिंकच्या नळाखाली भरली आणि तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवून चढवली. बेसमेंटच्या पायऱ्या ती तीनदा चढली-उतरली. कार्पेट भिजलं. दुसऱ्या शनिवारी मान आपोआप स्थिर झाली, आणि घागर उतरवताना तिने जो श्वास सोडला तो कुणी शिकवलेला नव्हता. तो श्वास कुठल्या परीक्षेच्या कागदावर कसा मांडायचा?

भाचीशी मी वेगळं बोलले. तिच्या आईला न विचारता, हे कबूल करते. अकरावीत क्लास बंद करायचं कुणी ठरवलं, असं विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, मला कुणी विचारलंच नाही." तिची ठुमरी अर्धी शिकून झाली आहे, जूनमध्ये बाई पुढचा अंतरा घेणार आहेत.