तिकीट किती पडलं ते सांगत न्हाईत

गेल्या महिन्यात एका लग्नात जेवणाच्या रांगेत ओळखीतल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही अजून युरोप केला नाही?" हातात ताट होतं, मागून लोक ढकलत होते. "नाही अजून," म्हणून मी भाताकडं सरकले. त्यांचे दहा दिवसांत सात देश झाले होते. दुबई त्याआधीच करून झाली होती.

हे 'करणं' मला भारी मजेशीर वाटतं. धुणं करतो, भांडी करतो, तसा युरोपही करायचा आणि पदराला हात पुसायचे. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यातलं काहीच केलेलं नाही. त्यांच्याकडं पासपोर्ट नाही. विमान त्यांनी आमच्या कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीला उतरताना लांबून बघितलंय तेवढंच. पण हनोईतली गल्ली, नॉर्वेतला बोगदा, दुबईहून मुंबईला येणारं गलबत, कशाचाही विषय काढा, आबा म्हणणार, "बघिटलंय." टीव्हीवर, अर्थात. आणि पुढं तुम्हाला अर्धा तास उठता येणार नाही.

आबा एसटीत कंडक्टर होते. नोकरीतली बरीच वर्षं गगनबावड्याच्या अंगाला गेली. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, चिमट्याची टकटक. त्यांच्याकडं बऱ्याचदा मुक्कामी गाडी असायची. नव्या पोरांना हा शब्द माहीत नसेल: संध्याकाळी गाडी शेवटच्या गावाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे दूधवाले, शाळेची पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं घेऊन परत येतात. म्हणजे माझा बाप आठवड्यातले तीन-चार दिवस प्रवासातच असायचा. पण गगनबावड्याला 'ट्रिप' कोण म्हणतो?

टीव्हीवरच्या प्रवासाची गोडी आमच्या घराला 'सुरभि'नं लावली. 1990 साली दूरदर्शनवर सुरू झालेला तो कार्यक्रम, सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे. कुठली तरी विणकर वस्ती, कुठला तरी विसरलेला किल्ला, आणि शेवटी प्रश्न. उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं. आबा पाठवायचे. अक्षर कंडक्टरचं, म्हणजे वेबिल (तिकिटांच्या हिशोबाचा कागद) भरावं तसं, एकेक आकडा सुटा. सगळ्या देशातून इतकी कार्डं जायला लागली की (एका आठवड्यात 14 लाखांवर पत्रं आल्याची नोंद आहे) टपाल खात्याला स्पर्धेसाठी वेगळं कार्ड काढावं लागलं. साधं कार्ड 15 पैशांचं, हे 2 रुपयांचं. आबा तेव्हा जाम चिडले होते. "ही भाडेवाढ न्हवं, ही लूट हाय." तरी दोन-तीनदा दोन रुपयांचं कार्ड टाकलंच. बक्षीस काही लागलं नाही.

नंतर केबल आलं आणि 2004 च्या सुमाराला डिस्कव्हरीचं 'ट्रॅव्हल अँड लिव्हिंग' आलं. सगळं इंग्रजीत. आबांना इंग्रजी येत नाही, पण त्यांचं काही अडलं नाही. बघण्याची त्यांची पद्धत पक्की होती आणि आजही तीच आहे. पहिला प्रश्न: तिकीट किती पडलं? दुसरा: सामान कुठं ठेवलं? तिसरा: रात्री झोपला कुठं? या तिन्हीची उत्तरं न देणारा कार्यक्रम आबांच्या लेखी नापास. "नुसताच फिरतोय की गं ह्यो. तिकीट किती पडलं ते सांगत न्हाईत."

एकदा एक गोरा निवेदक एकटाच डोंगर चढत होता, चेहऱ्यावर एकांत वगैरे. आबा म्हणाले, "ह्यो एकटा चढतोय, मग क्यामेरा आधीच वर कसा?" त्या दिवसापासून मला असले कार्यक्रम नीट बघताच येत नाहीत. ड्रोन वर गेला की मला तो उडवणारा पोरगाच दिसतो.

माझं मत सांगते, पटलं तर बघा. हल्लीचे निम्मे प्रवासी कार्यक्रम म्हणजे लग्नाचा अल्बम आहेत. सगळं चकचकीत, सगळे हसरे, आणि स्टँडवर तीन तास ताटकळलेलं कुणीच नाही. वाट बघणं, चुकलेली गाडी, बिघडलेलं पोट हे कापून टाकलं की उरतं ते ठिकाण. त्याला प्रवास म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ब्रिटिश विनोदी नट मायकेल पेलिननं बीबीसीसाठी 80 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली (विमान वर्ज्य, कार्यक्रम 1989 चा). त्यात दुबईहून मुंबईपर्यंत तो लाकडी गलबतातून येतो. गलबतावर गुजराती खलाशी, झोपायला उघडा डेक आणि साहेबाचं पोट बिघडलेलं. घडत काहीच नाही, समुद्र तेवढा हलतोय. लोकांना त्या सगळ्या मालिकेतलं नेमकं तेच जास्त आठवतं. यूट्यूबवर आबांना ते लावून दिलं तेव्हा ते एका जागी बसून राहिले. खलाशी मुंबईत त्याचा निरोप घेतात तिथं म्हणाले, "मुक्कामी गाडीचा गडी हाय ह्यो."

अमेरिकेचा शेफ आणि टीव्ही निवेदक अँथनी बोर्डेनही आबांना त्याच कारणानं आवडायचा. 2016 साली हनोईतल्या एका साध्या खानावळीत तो आणि बराक ओबामा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून शेवयांसारखं काहीतरी आणि भाजलेलं डुकराचं मटण खात होते. मी आबांना म्हटलं, आबा, हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. आबा म्हणाले, "आसंल. बिल कुणी दिलं?" गंमत म्हणजे या प्रश्नाला खरंच उत्तर आहे. बोर्डेननंच नंतर लिहून टाकलं होतं: दोघांचं मिळून 6 डॉलर झालं, पैसे मी दिले. आबांच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. 2018 च्या जूनमध्ये तो फ्रान्समध्ये चित्रीकरणाच्याच दौऱ्यावर असताना गेला. स्वतःच जीव दिला होता. ते मी आबांना दोन दिवस सांगितलं नाही.

आता कोल्हापूरचं. आपल्या गावात कॅमेरा आला की काय होतं, हे आपण सगळे जाणतो. रंकाळ्यावर सूर्यास्त, अंबाबाईचं शिखर, चप्पल लाइन, मिसळ, आणि निवेदकाच्या डोळ्यांत पाणी. "सो स्पायसी!" अरे बाबा, पांढरा रस्सा पी की. त्यात नारळाचं दूध असतंय. तिखटाच्या नावानं जगभर विकलं जाणारं ते 'व्हेज कोल्हापुरी' इथं कुणाच्या घरी शिजतं ते मला एकदा दाखवा. गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या करून धारोष्ण दूध पाजतात तो कट्टा दाखवतात, पण पिणारा काय बोलतो ते दाखवत नाहीत. आमच्याकडं बायकाही "मी येतो", "मी जातो" म्हणतात, हे तर आजवर एकाही कॅमेऱ्याला ऐकू आलेलं नाही. मग मला शंका येते की पेरू आणि जपानचं जे मी बघते, त्यातही असलंच 'व्हेज कोल्हापुरी' किती असेल? बरंच असणार. तरीही बघते. ओळखीचं गाव चुकीचं दाखवलं की कळतं तरी, परक्या गावाच्या बाबतीत शंका घेऊन बघायचं, इतकंच.

आणि हो, आबांचे सध्याचे लाडके म्हणजे आपले मराठी व्ह्लॉगवाले. कॅमेरा हलतो, वाऱ्यात आवाज फाटतो. पण पोरगं बसमध्ये चढल्या-चढल्या तिकीट कॅमेऱ्यापुढं धरतं! आबांना आणखी काय पाहिजे?

घरबसल्या फिरणाऱ्याला लोक हसतात, ते मला पटत नाही. आपल्याकडं ही रीत टीव्हीपेक्षा जुनी आहे. वारीहून आलेल्याच्या पाया पडतात. का, तर त्या पायांनी वाट चाललीये, तिचं थोडं आपल्यालाही लागावं. काशी करून आलेला माणूस मावंदं, म्हणजे यात्रेनंतरचं जेवण, घालायचा, गंगेचं पाणी पुजायचा, आणि जेवायला आलेल्या पंगतीला सगळी यात्रा सांगायचा. ज्यांना जाता येत नव्हतं त्यांची काशी त्या पंगतीतच व्हायची. जाणारा एक, ऐकणारं गाव. (युरोप करून आलेल्यांनी मावंदं घातल्याचं ऐकिवात नाही. सातशे फोटो मात्र व्हॉट्सअॅपवर येतात.)

हे मला कळलं 2019 च्या पुरात. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी कधीच त्याच्या पार गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात वीज नाही, आणि चहूकडं पूर असून नळाला पाणी नाही. आमच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, पण टीव्ही मेला होता. तिसऱ्या रात्री मेणबत्तीपुढं बसलेली आई म्हणाली, "सांगा की तुमचं कायतरी. आधी सांगत हुता तसं."

आबांनी गाडी काढली. रंकाळा स्टँड. फुलेवाडी. बालिंगे, इथं एक म्हातारी रोज चढायची आणि रोज सुट्ट्यावरनं भांडायची. कोपार्डे. सांगरूळ फाटा. कळे, इथं चहा, ड्रायव्हरला बिनसाखरेचा. मांडुकली, इथं कुंभीचं पाणी रस्त्यावर आलं की गाडी उभी, मग गाडीतच कुणीतरी भाकरी सोडायचं. साळवण. असळज. मग गगनबावडा, आणि धुक्यात दिसेना म्हणून कंडक्टरनं खाली उतरून गाडीपुढं चालायचं. सगळं मिळून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सांगायला दीड तास. आई मधेच विचारत होती, "त्या म्हातारीचं पुढं काय झालं?" मी आयुष्यात पहिल्यांदा तो रस्ता बघितला. त्याआधी त्यावरून मी शंभरदा गेले असेन.

म्हणजे टीव्ही यायच्या आधी आमच्या घरातला प्रवासी कार्यक्रम आबाच होते. प्रेक्षक एकच होता आणि तो चुलीपुढं बसायचा.

परवा मी त्यांना नॉर्वेची रेल्वे लावून दिली. तिथल्या सरकारी वाहिनीनं 2009 साली बर्गन ते ओस्लो हा सगळा प्रवास काटछाट न करता दाखवला होता, सात तासांच्या वर. गाडीपुढं कॅमेरा आणि रूळ, बर्फ, बोगदा, परत बर्फ. पुढं 2011 मध्ये त्यांनी किनाऱ्यानं जाणारं जहाज सलग 134 तास दाखवलं, आणि देश बघत बसला. मला वाटलं आबा दहा मिनिटांत उठतील. त्यांनी तीन बैठकांत पूर्ण बघितलं. मधे जेवले, औषध घेतलं, बोगदा आला की आईला हाक मारली. स्टेशन गेलं की बोटावर मोजायचे. मी म्हटलं, अशीच आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस कुणीतरी कोल्हापूर ते गोंदिया दाखवायला पाहिजे, अख्खी. "दावतील," आबा म्हणाले, "पण लोकं मिरजंतच उठतील."

रात्री गाडी ओस्लोला लागली. मी रिमोट उचलला तर म्हणाले, "थांब जरा. लोकं उतरू देत." मग सवयीनं मागं वळून सोफ्याकडं एक नजर टाकली, कुणाची पिशवी-बिशवी राहिली का बघायला, आणि झोपायला गेले.