उघड्या मुळांनी आलेलं स्नेक प्लांट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर आणि रागावून लिहिलंत, दोन्ही समजण्यासारखं आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. खास नर्सरीतून टपालाने तुम्ही स्नेक प्लांटची तीन रोपं मागवलीत: 'बँटेल्स सेन्सेशन', 'व्हेल फिन' आणि 'सामुराई'. तिन्ही मातीशिवाय, कागदात गुंडाळून आली. पानं सुरकुतलेली होती म्हणून तुम्ही रोपं रात्रभर बादलीत भिजवलीत, भरपूर कंपोस्ट घातलेल्या मोठ्या कुंड्यांत लावलीत आणि पाणी दिलंत. तीन आठवड्यांत 'बँटेल' बुडाशी मऊ पडलं. 'व्हेल फिन' म्हणजे नुसतं एक पान होतं. 'सामुराई' बोटाएवढं निघालं आणि त्याच्या चिठ्ठीवर भलतंच नाव होतं. तुमचा निष्कर्ष असा की टपालाने स्नेक प्लांट मागवणं ही फसवणूक आहे आणि तसं मागवायला सुचवणारेही त्यात सामील आहेत.

यातल्या एका मुद्द्यावर नर्सरीची चूक आहे आणि तिथे तुम्ही भांडायलाच हवं. मातीशिवाय रोप पाठवणं ही मात्र चूक नाही. स्नेक प्लांट पाठवायची योग्य पद्धत तीच आहे.

या झाडाचा पाणीसाठा जाड पानांत आणि जमिनीखालच्या आडव्या खोडात, म्हणजे राइझोममध्ये असतो. पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे बाष्पीभवन फार कमी होतं. कोरडं ठेवलेलं निरोगी रोप दोन-तीन आठवडे मातीशिवाय सहज तग धरतं. तेच रोप ओल्या मातीसकट बंद खोक्यात आठवडाभर राहिलं तर अंधार, ओल आणि कोंडलेली हवा एकत्र येऊन कूज तिथेच सुरू होते. शिवाय खोकं आडवंतिडवं पडतं तेव्हा मातीचा गोळा आतल्या आत हलतो आणि पानं बुडाशी पिचतात. परदेशातून मागवलं तर अनेक देशांत मातीसकट रोप आत घेतच नाहीत, आणि सोबत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आणखी एक मोठा फायदा म्हणजे उघड्या मुळांवर पिठ्या ढेकूण दिसतात. मातीत ते महिनोन्महिने लपून राहतात.

आता 'बँटेल' का गेलं ते पाहू. मुळं धुताना आणि प्रवासात बारीक तंतुमुळं मरतात, जाड मुळं मोडतात, राइझोमवर काप पडतात. या अवस्थेतलं रोप पाणी फारसं ओढूच शकत नाही. सुरकुत्या पाण्याच्या कमतरतेमुळेच येतात, हे तुमचं निदान बरोबर होतं. पण पाणी आत न्यायला मुळंच शिल्लक नसताना भिजवून उपयोग होत नाही. उलट उघड्या जखमा रात्रभर पाण्यात राहिल्या, मग ओलं कंपोस्ट त्यांना चिकटलं आणि मोठ्या कुंडीतली माती आठवडाभर सुकली नाही. जिवाणूंमुळे होणाऱ्या मऊ कुजीला यापेक्षा सोयीची जागा नाही. बूड पिवळट, पाणचट होऊन दुर्गंधी आली असेल तर हेच घडलंय.

म्हणून क्रम असा ठेवा. खोकं आलं त्याच दिवशी उघडा. कागद सोडण्याआधी आणि सोडल्यावर उजेडात फोटो काढा, राइझोमचा खालचा भागही त्यात यायला हवा. राइझोम बोटाने दाबून बघा: तो कडक असला पाहिजे, रंग पिवळसर-नारिंगी किंवा फिकट. मूळ हलकं ओढल्यावर वरची साल निसटून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर ते मूळ मेलेलं आहे, कापून टाका. मऊ भाग स्पिरिटने पुसलेल्या धारदार पात्याने, आतला पांढरट कडक भाग दिसेपर्यंत कापा. पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने पुसा, रोप महिनाभर बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा तपासा, कारण अंडी एका पुसण्यात जात नाहीत.

त्यानंतर रोप सावलीत, हवेशीर जागी तीन ते सात दिवस उघडंच ठेवायचं. कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरली पाहिजे. लोकांचा धीर सुटतो तो नेमका इथे, आणि बहुतेक रोपं इथेच वाचतात किंवा जातात.

कुंडी राइझोमच्या पसाऱ्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटरच रुंद घ्या, तळाला छिद्रं हवीतच. मिश्रणात दोन भाग प्यूमिस, परलाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा तीन ते सहा मिलिमीटरची धुतलेली जाड वाळू, आणि एक भाग कोकोपीट किंवा साधी कुंडीची माती. कंपोस्ट आणि शेणखत सुरुवातीला अजिबात नको. राइझोम दोन-तीन सेंटिमीटर मातीखाली जावा, त्याहून खोल नको. मुळांशिवाय उंच पान डोलत राहतं आणि फुटणारी नवी मुळं तुटतात, म्हणून काठी रोवून सैल दोऱ्याने आधार द्या. मिश्रण जवळजवळ कोरडंच असू द्या. आठवड्याने कडेकडेने थोडं पाणी द्या. लिटरभराच्या कुंडीला शंभर मिलिलिटर पुरे. त्यानंतर माती पूर्ण सुकल्यावर तेवढंच पुन्हा. रोप हलकेच ओढून पाहिल्यावर ते मातीला धरून आहे असं जाणवलं, म्हणजे मुळं आलीत. मग पाणी खालून निथळेपर्यंत देता येईल. ऊब असेल तर याला तीन ते सहा आठवडे लागतात आणि सुरकुत्या त्यानंतर भरतात. तोवर पान सुरकुतलेलंच दिसणार. उजेड भरपूर पण थेट ऊन नको, कारण अंधाऱ्या खोक्यातून आलेली पानं भाजतात. खत नवा कोंब दिसल्यावरच.

थंडीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्यासारख्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं. वाटेत तापमान दहा अंशांखाली गेलं तर पेशींना इजा होते आणि ती लगेच दिसत नाही. रोप धडधाकट पोचतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पानावर पाणचट, खोलगट डाग उमटतात. बऱ्याच नर्सऱ्या फक्त पोचल्यापासून दोन दिवसांपर्यंत तक्रार घेतात, म्हणजे या नुकसानाची तक्रार करायची वेळ येते तेव्हा मुदत संपलेली असते. ही अट मला अन्याय्य वाटते. निदान तीस दिवसांची हमी देणारी नर्सरी निवडा, आणि रात्री गार असण्याच्या दिवसांत मागवूच नका.

आता 'व्हेल फिन'. इथे तुमचं म्हणणं रास्त आहे. एका पानाचं रोप विकणं गैर नाही, कारण 'मेसोनियाना' जातीचं, म्हणजे 'व्हेल फिन'चं, एकेक पानच प्रचंड रुंद होतं आणि मोठ्या रोपातून वेगळं केलेलं एका पानाचं रोप सर्रास विकलं जातं. पण त्या पानाखाली राइझोम आणि त्यावर जिवंत डोळा आहे का, हे लिहिणं विक्रेत्याचं काम होतं. डोळा असेल तर शेजारी नवा कोंब निघतो. नुसतं कापलेलं पान मुळं धरेल, पण पिल्लू यायला बरेच महिने, कधी वर्षही लागतं. या दोन वस्तूंची किंमत एक असूच शकत नाही. मागवण्यापूर्वी लेखी विचारा: पानं किती, सर्वांत उंच पान किती सेंटिमीटर, राइझोम आहे का, मुळं धरलेली आहेत का, आणि फोटो त्याच रोपाचा की नमुन्याचा. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. तुमच्या पानाचं बूड आत्ता तपासा. आडव्या खोडाचा तुकडा नसेल आणि जाहिरातीत 'रोप' म्हटलं असेल, तर फोटोसकट पैसे परत मागा.

'सामुराई'च्या बाबतीत मात्र नर्सरीने तुम्हाला फसवलेलं दिसत नाही. हा 'एहरेनबर्गी' या जातीचा बुटका प्रकार आहे, मुळातच संथ. बोटाएवढ्या रोपाची एकावर एक रचलेली, पंख्यासारखी पसरणारी पानं दिसत असतील तर ते बरोबर रोप आहे. चिठ्ठीवर 'ड्रासिना हॅनिंग्टोनी' होतं असं तुम्ही लिहिलंय. २०१७ आणि २०१८ मध्ये सॅनसेव्हिएरिया (स्नेक प्लांटचं जुनं शास्त्रीय नाव) या प्रजातीतल्या जाती ड्रासिना प्रजातीत हलवल्या गेल्या आणि 'एहरेनबर्गी'चं तिथलं नाव 'हॅनिंग्टोनी' झालं. जुनं नाव व्यापारात अजून चालतं, म्हणून नर्सरीने दोन्ही नावं छापायला हवी होती, एवढंच.

जवळच्या नर्सरीतूनच घ्यावं, हे तुमचं मत 'लॉरेंटी', 'हानी' किंवा 'सिलिंड्रिका'साठी मलाही पटतं. ती सगळीकडे मिळतात, हाताळून घेता येतात, टपालखर्च कशाला? खास नर्सरीची गरज पडते ती 'पिंगुइक्युला', 'किर्की', 'सामुराई' अशा जातींसाठी, कारण त्या इतरत्र क्वचितच दिसतात. आणि लहान रोपाची पानं मोठ्या झाडापेक्षा बरीच वेगळी असतात. 'सिलिंड्रिका'च्या पिल्लाचीही सुरुवातीची पानं मोठ्या पानांसारखी गोल दांड्याची नसतात. त्या वयात नुसतं पाहून जात बहुतेकदा ओळखता येत नाही, नर्सरीच्या नोंदीवरच विसंबावं लागतं.

कुजलेलं 'बँटेल' फेकलं नसेल तर आजच उपटा. बूड गेलं तरी वरची पानं कडक असतात, आणि ती कापून लावायचा मोह होईल. तसं केलंत तर रोप येईल, पण हिरवं. 'बँटेल'चे पांढरे पट्टे पानाच्या तुकड्यातून पुढे जात नाहीत, कारण झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी असतात आणि तुकड्यातून फुटणारा नवा डोळा हिरव्या पेशींतून येतो. 'लॉरेंटी'ची पिवळी किनारही अशीच हरवते. म्हणून आधी राइझोम शोधा. अंगठ्याच्या पेराएवढा कडक तुकडा आणि त्यावर एक टोकदार डोळा उरला असेल तरी पुरे. तो स्वच्छ कापा, आठवडाभर सुकवा, वर सांगितलेल्या मिश्रणात दोन सेंटिमीटर खोल आडवा ठेवा आणि उबदार जागी राहू द्या. कोंब वर यायला दोन-तीन महिने लागतील. तोवर पंधरवड्यातून एकदा, माती पूर्ण कोरडी झाल्यावरच, चमचाभर पाणी.