ह्यात त्याचं नाव कुठंय?

आज ६ जानेवारी. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून आपला पत्रकार दिन. वर्तमानपत्रातली नोकरी सुटली तरी मी दरवर्षी कार्यक्रमाला जाते. आज चहाच्या रांगेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, आमच्या सरांनी, नव्याने लागलेल्या एका मुलीशी माझी ओळख करून दिली. “या आमच्याकडे शहर बीटला, म्हणजे शहराच्या बातम्यांना होत्या. चांगलं लिहायच्या. आता दलालीत गेल्यात.” ती मुलगी बिचारी ओशाळली. मी कप खाली ठेवला आणि घरी आले. तिथे तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी दलाल नाही. असते तरी लाज वाटली नसती, महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे रीतसर नोंदणी करून सचोटीने काम करणारे एजंट मी पाहिलेत. मी स्वतःचे पैसे घालून जुने फ्लॅट घेते, गळती काढते, वायरिंग बदलते आणि भाड्याने देते. १९ वर्षांच्या नोकरीनंतर २०२० च्या जूनमध्ये फोन आला, “राजीनामा मेल करा.” हातात पीएफ आणि ग्रॅच्युइटी, मुलगी नववीत. त्या पैशांचं काय करायचं हे ठरवताना मला एकच गोष्ट येत होती, कागद वाचणं.

आणि ते मला कुणी शिकवलं? २००९ साली ऑफिसात आलेल्या एका मावशींनी. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन त्या रिसेप्शनला दोन तास बसून होत्या. कात्रजच्या पुढे एक गुंठा घेतला होता, धुणीभांडी करून साठवलेल्या पैशांतून. हातात नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार; मालकी देणारं खरेदीखत नाहीच. सातबाऱ्यावर मूळ मालकाचं नाव, ‘इतर हक्क’ या रकान्यात शेती सोसायटीच्या कर्जाचा बोजा. शेतीची जमीन, तिचे छोटे तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्याची नोंद होणारच नव्हती, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सहा दिवस मी तलाठी कार्यालय आणि दुय्यम निबंधकांकडे खेटे घातले. बातमी पहिल्या पानावर लागली होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. रात्री साडेदहाला मार्केटिंगमधून फोन आला. सकाळी ती पान सातवर दोन कॉलम, आणि मजकुरात फक्त “एका बांधकाम व्यावसायिकाने”. त्याच अंकाला त्याच माणसाच्या स्कीमचं जॅकेट, म्हणजे अंकाला गुंडाळलेली पानभर जाहिरात होती.

दुसऱ्या दिवशी मावशी कात्रण घेऊन आल्या. “ताई, ह्यात त्याचं नाव कुठंय?”

सर, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. आपण दोघंही गप्प बसलो. मग दलाली कुणी केली? आपला पगार कशातून यायचा, शनिवारची प्रॉपर्टी पुरवणी कोण भरायचं, हे आपल्याला माहीत नव्हतं का? पत्रकारांच्या पगारवाढीचा मजिठिया वेतन आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरला, आणि आपण सगळ्यांनी “आम्हाला आहे तोच पगार मान्य आहे” असं लिहिलेल्या कागदावर मुकाट सह्या केल्या. तेव्हा स्वाभिमान कुठे गेला होता?

धायरीचा पहिला फ्लॅट घेतला २०२१ च्या ऑगस्टमध्ये. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बावीस लाख. महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत तेव्हाच सुरू झाली होती. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचा नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये निघाली. वाचलेल्या बावीस हजारांत बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हस्तांतरणासाठी लाखभर रुपये “देणगी” मागितली. मी पंचवीस हजारांच्या मर्यादेचा शासन निर्णय त्यांच्या टेबलावर ठेवला. त्याआधी मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च काढला, इंडेक्स टू म्हणजे दस्तनोंदणीचे उतारे जुळवले, मूळ करारावर ज्या बाईंची सही होती त्यांना जाऊन भेटले. बातमीसाठी करायचे तेच सगळं. फरक एवढाच की साडेदहाला कुणाचा फोन येत नाही.

हो, माझ्यासारखे गुंतवणुकीला घरं घेतात म्हणून राहायला घर शोधणाऱ्याला ती महाग पडतात, हे मान्य आहे. त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. दोन्ही फ्लॅटचं भाडं मी बाजारापेक्षा थोडं कमी ठेवलंय, एवढंच करता आलं.

आणि लिहिणं आठवत नाही असंही नाही. पान लागल्यावर शाईचा वास असलेली पहिली प्रत हातात यायची, ते सुख फ्लॅटच्या किल्लीत नाही. सर, तुम्हीच मला पहिली बायलाइन, बातमीवर नाव, दिली होती. तुमचाही पगार कापला गेलाय, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, हे मला ठाऊक आहे. कदाचित आज जे बोललात त्यात मी नव्हतेच. पण त्या मुलीसमोर नको होतं बोलायला. तिला अजून बरीच वर्षं काढायची आहेत.

मावशींचा पत्ता मी नंतर शोधला. ती चाळ पाडलेली होती. त्यांचा गुंठा मिळाला की बुडाला, मला आजही माहीत नाही.

चहाच्या रांगेतली ती मुलगी हे वाचत असेल तर तिने, आणि तुमच्यापैकी कुणी फ्लॅट किंवा जमीन घेत असेल त्यांनीही, कागद मला पाठवा. पैसे घेत नाही. सातबारा ताजा, डिजिटल सहीचा काढा, सोबत फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी जोडा. नवीन स्कीम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक लिहा. आणि करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, बिल्डर कितीही ओळखीचा असला तरी. कायद्याने त्याला ती मागताच येत नाही. मी रात्री साडेदहानंतर बघते.