जबाब द्यायला एकही माणूस नाही

काल संध्याकाळी साडेसातला आमच्या गेटसमोर तळमजल्यावरच्या आजींची चेन ओढली. बाईकवर दोघं होते, मागच्याने त्यांना ढकललंही. कोपर मोडलंय, मानेवर वळ आहे. खाली किमान चौघांनी पाहिलं. आणि आज दिवसभर सोसायटीच्या ग्रुपवर एकच, "पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?"

वर कमिटीने ठरवलं, उद्यापासून घरकामाच्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासायच्या. अहो, चेन बाईकवाल्यांनी ओढली ना? मग पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची पिशवी कशाला उघडायची?

जवळच्यांना माहीत आहे मी का चिडलेय. 2009 मध्ये शीव स्टेशनच्या पुलावर रात्री दहाला एकाने माझ्या हातावर चाकू मारला आणि पर्स घेऊन पळाला. माणसं कडेकडेने, खाली बघत जात राहिली. एक कोळीण मावशी थांबली. रिकामी पाटी खाली ठेवली, चुंबळ सोडली आणि त्याच फडक्याने माझा हात आवळून बांधला.

नंतर कित्येक महिने मागून पावलं वाजली की मी भिंतीला टेकून त्या माणसाला पुढे जाऊ द्यायचे. शेजाऱ्यांनी बेल वाजवली तरी दार उघडत नव्हते. चाकूवाला एकच होता हो. रात्री डोळ्यांसमोर यायची ती बाजूने निघून गेलेली माणसं.

कोर्टाच्या तारखा पडतात, रजा जातात, ते बाईकवाले परत आले तर ही भीतीही खोटी नाही. मान्य. पण 2011 मध्ये अंधेरीच्या अंबोलीत छेडछाड अडवणाऱ्या दोन पोरांना भोसकलं आणि लोक बघत उभे राहिले, तेव्हा आपणच संतापलो होतो ना? नव्या न्याय संहितेत कलम 304 खाली हिसकावणं हा वेगळा गुन्हा केलाय. पाहणारा बोललाच नाही तर ते कलम काय करणार?

11 जुलै 2006 ला लोकलमध्ये बॉम्ब फुटले, तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली, त्यांतून जखमींना उचललं. अशाच वस्त्यांतल्या बायकांच्या पिशव्या आपण उद्या तपासणार. लाज वाटते मला.

ती मावशी रेल्वे पोलिसांकडे दीड तास माझ्याशेजारी बसली होती. गाडी चुकेल, जा म्हटलं तर म्हणाली, "बस गो पोरी." फडक्याला मासळीचा वास होता. मी ते अजून टाकलेलं नाही.

दुपारी आजींकडे गेले होते. दाराला आतून नवी साखळी बसवून घेतलीय. फटीतून दोनदा नाव विचारलं, मग उघडलं. 14 वर्षं मी त्यांच्याकडून विरजण नेतेय.

मी खिडकीतून ती बाईक पाहिली आहे, नंबरचे शेवटचे दोन आकडेही. उद्या सकाळी दहाला जबाब द्यायला जातेय. खाली ज्या चौघांनी पाहिलं त्यांच्यासाठी पावणेदहापासून गेटवर थांबते.